केवळाबाईच्या हरभऱ्यात

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात बोरजवळग्याचं माणूस दिसलं की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय हो, तुमच्या शिवारातली हरणं अजून कानडी बोलतेत का?" आणि बोरजवळग्याचं माणूस हसून म्हणायचं, "बोलत न्हाईत, पन समजतंय त्यायला."

ही थट्टा केवळाबाईमुळं सुरू झाली होती. तिचं माहेर निलंग्याच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. सतराव्या वर्षी ती गुंडप्पाची बायको होऊन बोरजवळग्यात आली आणि पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यानं तिला हरभऱ्याच्या राखणीला बसवलं. दिवस वर यायच्या वेळी माळावरून पन्नास-साठ हरणं खाली उतरली आणि आपलंच रान असल्यासारखी हरभऱ्यात शिरली. तिला गोफण फिरवता येत नव्हती. बडवायला डबाही नव्हता. घाबरून ती उभी राहिली आणि माहेरी गुरं हाकलताना ओरडत तशी ओरडली, "होग्गोऽऽ!" म्हणजे जा, निघा. आपल्या गळ्यात एवढा आवाज आहे हे तिला त्या दिवशीच कळलं. कळप एकदम उसळला, पुढचं काळवीट दीड पुरुष उंच उडालं, आणि बघता बघता सगळं रान मोकळं झालं. तीन शेतांपलीकडं औत धरलेल्या माणसानं बैल थांबवून विचारलं, "कोन हाय रं ती?"

त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती. या पस्तीस वर्षांत केवळाबाईनं गोफण हातात घेतली नाही, फटाका फोडला नाही, तारेचं कुंपण ओढलं नाही. तिची एक हाळी आजूबाजूच्या पाच-सहा शेतांना पुरायची. पेरणीच्या वेळी शेजारी तिला मुद्दाम विचारायचे, "यंदा हरभरा कोन्या अंगाला टाकायलाव?" आणि आपला हरभरा तिच्या बांधाला लावून घ्यायचे.

हरणांवर तिचं प्रेम होतं असं म्हणता येणार नाही. ती खायला यायची, ही हाकलायची. पण एवढी वर्षं समोरासमोर काढल्यावर ओळख ही होतेच. कळप आधी पूर्वेच्या ओघळीतून येतो, थंडी जास्त असली की उशिरा येतो, म्हातारी हरणी कायम वाऱ्याच्या बाजूला उभी राहते, हे सगळं तिला पाठ होतं. केवळाबाई ओरडायची, हरणं पळायची, माळाच्या कडेला जाऊन वळून बघायची. मग तीही घडीभर बघत राहायची. तेवढ्यात तिची सकाळ पुरी व्हायची.

त्या वर्षी पौषात धुई लई पडली. सकाळी आठ वाजले तरी दहा पावलांवरचं झाड दिसायचं नाही. बाभळी धुरात उभ्या राहिल्यासारख्या दिसायच्या, आणि कुठं कोण बोलतंय ते कळायचं नाही, नुसते आवाज तरंगत यायचे. केवळाबाई पहाटे हरभऱ्यावर धोतराचं जुनं फडकं पसरून ठेवायची. दवात भिजलं की ते पिळून हरभऱ्याची आंब, पानांवरचं ते आंबट पाणी, बाटलीत भरायची. पोटदुखीला चालते म्हणून गावातल्या बायका ती मागायला यायच्या. एका सकाळी ती अशीच फडकं पिळत होती, आणि धुईत पाच-सहा हातांवर तिला काहीतरी बसलेलं दिसलं.

ती हरणी होती. दोन दिवसांपूर्वी पाणी दिलेल्या ओल्या वाफ्यात पाय दुमडून बसलेली. तिच्यामागं आणखी एक. त्याच्यामागं काळवीट, शिंगांवर दव साचलेलं. धुई जरा हलली की आणखी दोन दिसायची, पुन्हा झाकून जायची.

केवळाबाईनं फडकं खाली टाकलं आणि छाती भरून ओरडली, "होग्गोऽऽ!"

कुणी उठलं नाही. हरणीनं कान हलवले, मान वळवून तिच्याकडं बघितलं, एवढंच.

तिनं पुन्हा हाळी दिली. तिसऱ्यांदा दिली. मागचं काळवीट कसंबसं उठलं, चार पावलं टाकली, पुढचा उजवा पाय वर धरून उभं राहिलं आणि पुन्हा बसलं. धुईत तिचा आवाज विरून गेला आणि शिवार पहिल्यासारखं गप्प झालं. केवळाबाईला वाटलं, आपला गळाच गेला. आपल्याला ऐकू येतंय, पण बाहेर काही निघतच नाही. सपनात माणूस ओरडतं तसं.

भाकरी घेऊन गुंडप्पा आला तेव्हा ती बांधावर बसून होती. तिनं विचारलं, "माजा अवाज आला का तुमाला? गावात?"

"आला की. तीनदा आला. मला वाटलं लांडगा-बिंडगा आलाय."

"मंग ती कामून उठंनात?"

गुंडप्पा कमी बोलणारा माणूस. त्यानं धुईत बघितलं आणि भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं.

ऊन जरा वर आल्यावर केवळाबाई हळूच पुढं गेली, तीन हातांवर उकिडवी बसली आणि त्या हरणीकडं नीट बघू लागली. आयुष्यात एवढ्या जवळून तिनं हरीण कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांच्या कडेला पांढरी रेघ, पापण्या लांब, कानाच्या आत कापसासारखे केस. हरणीनं हरभऱ्याच्या शेंड्याला तोंड लावलं आणि झटकन मागं घेतलं. डोकं हलवलं. पुन्हा लावलं, पुन्हा मागं. तिच्या ओठाखालून लाळेचा एक लांब धागा लोंबत होता, उन्हात चमकत होता.

केवळाबाईनं हात पुढं केला होता, तो तिनं तसाच मागं घेतला. आंब तोंडातल्या फोडांना झोंबतेय, हे तिला कळलं होतं. घरी गाय होती आणि ती चार महिन्यांची गाभण होती. ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "लाळ्या हाय. खुरकत बी हाय, पाय बगा. तुमी हितून जावा, गाईजवळ जायच्या आदी आंग धुवा, आन् मुरुडच्या दवाखान्यात खबर द्या."

दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टर मालविका लातूरच्या, पस्तिशीच्या, या भागात येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. सोबत वनखात्याचा माणूस दयानंद होता. मालविकाबाईंनी पायात रबरी बूट घातले, हातमोजे घातले, आणि ओघळीत मरून पडलेल्या दोन पाडसांजवळ बराच वेळ बसून काचेच्या नळ्यांत काय काय भरलं. परत येताना त्यांचा चेहरा उतरला होता.

"मावशी, तुम्ही ओळखलं तेच असणार. नमुने पुण्याला पाठवते, पण तोवर थांबता येणार नाही."

"इलाज काय?"

"एकेकाला धरून औषध देता येत नाही. धरायला गेलं तर भीतीनंच मरतील. मोठी हरणं पंधरा-वीस दिवसांत बरी होऊ शकतात, त्यांना निवांत राहू दिलं तर. पळवायचं नाही. या आजारात काळीज कमजोर होतं, एक दौड झाली की संपलं. लहान पाडसं..." त्या पुढं बोलल्या नाहीत.

"म्हंजी वरडायचं न्हाई," केवळाबाई म्हणाली.

"अजिबात नाही."

संध्याकाळच्या आत ही बातमी गावभर झाली आणि मारुतीच्या पारावर माणसं जमली. किशनराव सगळ्यांत पुढं होता. सोळा एकराचा कास्तकार, चार बैल, सहा म्हशी. त्याचं शेत केवळाबाईच्या बांधाला लागून होतं.

"आपल्या गुरायला लागल्यावर काय करावं? चार जन जाऊ, डबे बडवू, पल्याडच्या शिवारात घालवून येऊ. वैनी एक हाळी देतील तर अर्धं काम तितंच होतंय."

"पल्याडच्या शिवारात गुरं न्हाईत का, भाऊजी?" केवळाबाईनं विचारलं.

"ती त्यायनी बगावं."

मालविकाबाई म्हणाल्या, "हाकलली तर वाटेत मरतील आणि आजार पसरत जाईल. एका जागी राहिली तर आवरता येईल. उद्या सकाळपासून मी गावातल्या सगळ्या गुरांना लस देते. गुरं माळावर सोडू नका, ओघळीचं पाणी पाजू नका. प्रश्न फक्त एवढाच आहे, ती राहणार कुठं?"

ज्याच्या रानात ती राहतील त्याचा हरभरा गेला, हे सगळ्यांना समजत होतं.

केवळाबाईनं गुंडप्पाकडं बघितलं. गुंडप्पा पाराच्या कडेला बसून काडीनं माती उकरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "माज्याकडं काय बगायलीस? बसलीत की ती आदीच."

असं ते ठरलं.

केवळाबाई त्या दिवसापासून रानातल्या कोप्यात, पाल्याच्या झोपडीत, राहायला गेली. हरणांच्या आसपास वावरणाऱ्या माणसानं गुरांत जायचं नव्हतं, म्हणून घरची गाय, दूध, शेण सगळं गुंडप्पाकडं आलं. रोज सकाळी तो गाडीवाटेच्या अलीकडं येऊन दगडावर भाकरीचं फडकं ठेवायचा आणि वीस पावलं मागं सरायचा. मग ती येऊन फडकं उचलायची. दोघांच्या मधे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं पसरलेलं असायचं. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. मग ती हातानं विचारायची, गाय बरी का? तो मान हलवायचा. तो पोटावर हात ठेवून विचारायचा, जेवण पुरतंय का? ती हात हलवायची, पुरतंय. एकदा त्यानं बोटांनी काहीतरी लांबलचक सांगितलं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो सांगताना हसत होता, म्हणून तीही हसली. पस्तीस वर्षांच्या संसारात तो कधी एवढा बोलला नव्हता.

आपल्याच रानात हरणं का येऊन बसली, हे तिला तिसऱ्या दिवशी उमगलं. आजूबाजूला सगळीकडं पाणी देऊन आठ-दहा दिवस झाले होते, तिचा वाफा तेवढा ओला होता. खुरात जखमा झालेल्या बैलाला तिचा सासरा तेरणा नदीच्या ओल्या वाळूत उभं करायचा, ते तिला आठवलं. थंड चिखलात पाय ठेवला की आग कमी होते. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "चालेल की. पण मावशी, घाटे भरायच्या वेळेला एवढं पाणी दिलं तर हरभरा उभा जळेल."

"जळू द्या."

रोज दिवस वर आला आणि लाईट आली की ती मोटार चालू करायची. पाणी पाटानं सावकाश यायचं, हरभऱ्याच्या ओळींतून पसरायचं. हरणं एकेक करून उठायची आणि लंगडत येऊन त्या पाण्यात उभी राहायची. चाळीस-बेचाळीस होती. धुईत त्यांचे पाय दिसायचे नाहीत, नुसती अंगं दिसायची, पाण्यावर ठेवल्यासारखी. त्यांच्या नाकातून वाफ निघायची. केवळाबाई कोप्याच्या दारात बसून बघायची. आजूबाजूच्या शेतांत कुणी डबा वाजवत नव्हतं, कुणी बैलांना हाक मारत नव्हतं. ट्रॅक्टर गावाबाहेरूनच वळसा घालून जायचे. शिवारात इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. पाणी मुरताना जमीन बारीक आवाज करते, हेही तिला याच दिवसांत कळलं.

दुपारी धुई उतरली की माळावरून उबदार वारा यायचा आणि तिच्या डोळ्यांवर झापड यायची. हरणं जवळ येत चालली होती. येत कसली, त्यांना भ्यायचं सुचत नव्हतं. ती हललीच नाही तर एखादी हरणी अगदी कोप्याच्या सावलीपर्यंत यायची. अशा वेळी केवळाबाईला काळ-वेळ कळेनासा व्हायचा. आपण सतरा वर्षांच्या आहोत, आज पहिलाच दिवस आहे आणि अजून आपण ओरडलोच नाही, असं वाटायचं.

पण मरण रोजच होतं. सकाळी धुईत फिरताना एखादं पाडस निपचित पडलेलं दिसायचं, तोंडाला फेस नाही, अंगावर जखम नाही, झोपल्यासारखं. ती दयानंदला निरोप पाठवायची. तो माणसं घेऊन यायचा, माळाच्या टोकाला खड्डा, वर चुना, वर काटे. पहिल्या आठवड्यात आठ पाडसं गेली आणि तीन मोठी. एका पाडसाजवळ त्याची आई दोन दिवस उभी होती. पाणी सोडलं तरी ती चिखलात आली नाही. केवळाबाईनं मालविकाबाईंना विचारलं, "हात लावू का एकदा तिला?"

"नको मावशी. ती बिचकेल. आणि तुम्हाला घरी गाईजवळ जायचंय अजून."

केवळाबाईनं मान हलवली आणि कोप्यात जाऊन पाठ फिरवून बसली. डॉक्टरीणबाई दाराशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी बूट काढले, सोड्याच्या पाण्यात बुडवले, आणि त्याही जवळ येऊन बसल्या.

नवव्या दिवशी दुपारी किशनराव आला. सोड्याच्या पोत्यावर पाय पुसून बांधाच्या पलीकडंच उभा राहिला. आवाज अगदी खाली होता.

"वैनी, एक बोलायचं हाय."

"बोला."

"दिवाळीच्या आदी बाजारातनं गोऱ्हे आनले होते. दोन. एकाला आठ दिवसांनी लाळ सुटली. मी घरीच हळद-तूप लावलं, डॉक्टरायला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर गोठा बंद केला असता, पेरन्या उरकायच्या होत्या. आन् ते गोऱ्हे मी ओघळीवर पाजले."

केवळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. ओघळीचं पाणी हरणं पहाटे पितात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"बाईला सांगितलं का?"

"सांगितलं आत्ता. त्या म्हनल्या, त्येच कारन आसंल आसं खात्रीनं सांगता येत न्हाई. पन व्हय बी म्हनल्या." तो खाली बघू लागला. "पारावर मीच मोठ्यानं बोललो होतो, हाकला म्हनून."

काहीतरी कडू बोलावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोर चिखलात ती सगळी उभी होती, माना खाली घालून. मोठ्यानं बोलायची इथं मुभा नव्हती, आणि हळू आवाजात रागवायला तिला येत नव्हतं.

"तुमच्या बोरला पानी हाय का?" तिनं विचारलं.

"हाय."

"माजी हीर आटायलीय. उद्यापून पानी तुमी सोडा."

दुसऱ्या दिवसापासून किशनरावच्या बोअरचं पाणी पाइपातून केवळाबाईच्या चिखलात येऊ लागलं. गोठ्याचं काम घरच्यांवर टाकून तो स्वतः यायचा, मोटार चालू करायचा आणि पाइपाजवळ उकिडवा बसून राहायचा. त्याच्या दोन म्हशींना लाळ झाली, लस घेऊनही झाली. मालविकाबाईंनी त्या वेगळ्या बांधल्या, आणि पंधरा दिवसांत त्या उठल्या. गावात बाकी कुणाच्या जनावराला काही झालं नाही.

सतराव्या दिवशी एका काळवीटानं हरभऱ्याचा शेंडा खाल्ला. तोंड लावलं, थांबलं, आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. केवळाबाई तोंडावर पदर दाबून उभी होती. पस्तीस वर्षांत आपला हरभरा कुणी खातंय म्हणून तिला एवढा आनंद कधी झाला नव्हता. तिनं किशनरावला हातानं खूण केली, बघा. किशनरावनंही बघितलं आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

हरणं गेली तेव्हा केवळाबाई तिथं नव्हती. विसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला अंघोळ करून, कपडे उकळून घरी जायला सांगितलं होतं. गाईच्या पाठीवरून हात फिरवून, गुंडप्पाच्या हातचा चहा पिऊन ती परत रानात आली, तर वाफा रिकामा होता. जिथं जिथं हरणं बसायची तिथं हरभरा गोल दबलेला होता, आणि त्या दबलेल्या जागा उन्हात वाळायला लागल्या होत्या. किशनराव म्हणाला, "आत्ताच गेली. सावकाश गेली, पळाली न्हाईत. मोजली मी, एकोनतीस."

"लंगडत होती का?"

"दोगं-तिगं."

दोन एकरांतला सव्वा एकर हरभरा जळाला. उरलेला बरा आला. फाल्गुनात लसीचा दुसरा डोस झाला तेव्हा किशनरावचे गोऱ्हे सगळ्यांत आधी उभे होते. गावानं ठराव केला की बाजारातनं आणलेलं जनावर एकवीस दिवस वेगळं बांधायचं. ठराव किशनरावनंच मांडला, आणि का मांडतोय हेही सगळ्यांसमोर सांगितलं. त्याला ते जड गेलं, पण सांगितलं.

उरलेल्या हरभऱ्याची काढणी चालू होती. एका दुपारी केवळाबाई उपटून उपटून दमली आणि बांधावरच्या बाभळीखाली जरा टेकली. ऊन माळावर थरथरत होतं. राखणीच्या रानात डोळा मिटायचा नाही, हा तिचा आजवरचा नेम. पण त्या दिवशी कधी झोप लागली ते तिला कळलंच नाही. बऱ्याच वेळानं जाग आली तेव्हा सावली तिच्यावरून सरकून पलीकडं गेली होती. वारा पडला होता. तिच्या पायांपासून चार हातांवर माती ताजी उकरलेली होती, काळ्या लेंड्यांचा लहानसा ढीग पडला होता, आणि जवळच्या हरभऱ्याच्या पेंढीतले वरचे घाटे कुणीतरी नीट वेचून खाल्ले होते.

ती उठून बसली. माळ रिकामा होता. वरच्या कडेला काहीतरी हलल्यासारखं वाटलं, ते हरीण होतं की उन्हाचा भास, ते सांगता येत नव्हतं.

गुंडप्पा पलीकडच्या ओळीतून आला. "झोपलीस व्हय?"

"हाव."

"कुनी आलं होतं का?"

केवळाबाईनं पदरानं तोंड पुसलं, ती पेंढी उचलून इतर पेंढ्यांवर ठेवली आणि म्हणाली, "चला, ऊन उतरलंय. ही वळ संपवू."